फुटाला एक सूत

गावडेकाकांनी केलेली एकही वस्तू जागेवर बसत नसे. आमच्या मोरीवरच्या दोन भिंतींमध्ये बसवायची चार फुटी फळी त्यांनी केली, ती अर्धा इंच मोठी. मी वैतागून कापायला गेलो, तर माझ्या हातातली करवत हिसकावून ओरडले, "फळी बरोबर आसा! भित तुझी आखूड!" दोन वर्षं ती फळी दारामागे उभी होती.

काका घाटकोपरला आमच्या चाळीमागच्या फाउंड्रीत लाकडी साचे करायचे. त्यांवरून रेल्वेचे ब्रेक ओतले जायचे. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचेवाल्याची पट्टी मुळातच फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब असते. तीच पोलादी पट्टी काका चाळभर वापरायचे. गणपतीच्या देवळाचं दार तर कधी लागलंच नाही. बोलायला जावं तर, "फुटाक एक सूत सोडूकच व्हया!"

गिरण्यांच्या संपात बेकार झालेले आमच्या चाळीतले चौघं त्याच फाउंड्रीत लागले होते. चहाची टपरी, मालतीबाईंची खानावळ, हातगाडीवाले, सगळ्यांच्या चुली रेल्वेच्या ब्रेकवर पेटायच्या. आणि रेल्वेचं काम हातात असताना शेटनं फाउंड्रीला कुलूप लावलं. जागेला भाव आला होता म्हणे. भाव! अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. काकांचे वीस वर्षांचे साचे त्यानं बेकरीला सरपण म्हणून विकले. उठसूट ओरडणारे काका बेकरीच्या दारात गप्प उभे होते, आणि आम्ही समोर चहा पीत बघत होतो. मला शेटपेक्षा माझाच जास्त राग येतो.

त्यानंतरच्या रविवारी काका करवत आणि दुकानातली नवी टेप घेऊन आले.

"अरविंदा, ती फळी काढ. अर्धो इंच कापतंय."

"आणि तुमची पट्टी?"

"आता लोखंडच नाय. सूत सोडू कोणासाठी?"

मी करवत हिसकावली. "खबरदार काका! फळी बरोबर आहे. भिंत आखूड आहे!" आणि छिन्नी घेऊन भिंतीवर घाव घालायला लागलो.

काका खेकसले, "अरे, छिन्नी अशी धरतत?"

त्यांनी हातोडा घेतला, पिशवीतून पोलादी पट्टी काढली आणि भिंतीवर खूण करून बरोबर तेवढीच भिंत खणली. फळी पहिल्याच ठोक्याला बसली.