वाकळे सरांच्या फाईलमधली एक ओळ

आमच्या ऑफिसात एआयला अहोजाहो करणारा एकच माणूस आहे, वाकळे सर. "कृपया जुना कोड आधी वाचावा," असं ते चक्क मशीनला लिहितात. आम्ही हसलो की म्हणतात, "रोज नव्यानं येतंय ते बिचारं. कालचं काय बी आठवत नाय त्याला. मान द्या."

न आठवण्याचं खरंच आहे. म्हणून तर नियमांची फाईल ठेवतात. कोड लिहून देणारा एआय काम सुरू करताना ती वाचतो. पडेगावात आमचं छोटंसं ऑफिस, माती परीक्षणाचं सॉफ्टवेअर बनवतो. बाकीच्यांच्या फायली दहा ओळींच्या. सरांची वाचायला चहा घेऊन बसावं लागतं, कारण प्रत्येक नियमाखाली तो का केला तेही असतं. मी एकदा नुसतंच 'तारीख बदलू नये' लिहिलं, तर घरची फुलंब्रीची बस सोडून माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "कारण लिहा ताई, कारण. नुसता हुकूम कुणी बी मोडतं." पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या फाईलवर चालणारा एआय आमच्यापेक्षा शहाण्यासारखा वागतो. हे मी बाहेर छाती फुगवून सांगते.

मला कायम करायचं की नाही, हे ऑफिसचे साहेब ठरवणार होते, त्याला आठवडा राहिला होता, आणि नेमका तेव्हाच मी घोळ घातला. एआयला सांगितलं, शेतकऱ्यांच्या यादीतली दुबार नावं काढून टाक. त्यानं इमानदारीत काढली. एका गावात एकाच नावाचे, बापांचंही नाव सारखंच असलेले तीन शेतकरी होते. तिघांचा एक झाला, आणि कपाशीच्या रानाचा अहवाल मोसंबीवाल्याच्या हातात पडला. सरांनी जुनी यादी परत आणली आणि फाईलमध्ये नियम घातला: 'नाव सारखं म्हणून माणूस तोच समजू नये. जमिनीचा गट नंबर पाहावा.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी केलं? मी स्क्रीनमध्ये डोकं घातलं. सर शांतपणे म्हणाले, फाईलमध्ये लिहिलंय. नियमाखाली कारण होतं: 'ही चूक वाकळेकडून झाली.' साहेब त्यांना नको नको ते बोलले.

मी नंतर त्यांच्यावरच चिडले. खोटं का लिहिलं?

"पहिल्या नोकरीत माझी चूक नावानिशी भिंतीवर लावली व्हती," ते म्हणाले. "वरीसभर कुणी माझ्यासंगं जेवाय बसलं नाय. मग एकट्यानं खायची सवयच लागली."

साहेब ती फाईल वाचतात हे माहीत असून मी 'वाकळे' खोडलं आणि माझं नाव लिहिलं. दुपारी डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. सर जरा सरकले आणि माझ्या डब्याला जागा केली.