एकतीस आणि पंचेचाळीस

बोईसरला कुसुममावशीच्या खाणावळीत नवीन माणूस आला, की ती त्याचं नाव, गाव, जात काहीच विचारायची नाही. विचारायची, "डबा कितीचा?"

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डब्यावर तेलरंगाने आकडा घातलेला असे. मला चौदाचा डबा मिळाला होता. मी तसं सांगताच मावशी केवढ्याने तरी ओरडली, "चौदा!" भाकरीच्या परातीतलं तांदळाचं पीठ तिने तळहाताने सपाट केलं आणि बोटाने आकडा काढला.

"चौदात एक नि चार मिळव. किती?"

"एकोणीस," मी भीतभीत म्हणालो.

"आता एकोणिसात एक नि नऊ?"

"एकोणतीस."

"भेटला! रामशरण, सरक तिकडं. तुझा पाव्हणा आला!"

एकोणतीसचा डबा रामशरणचा. तो कारखान्यात रात्रपाळी करायचा. सरकता सरकता म्हणाला, "मौसी, ये दुबला है, पर मेरी रोटी पे नजर है इसकी." त्या दिवसापासून आम्ही शेजारी जेवू लागलो. पुढे मला सायकल चालवायला त्यानेच शिकवलं.

मावशीचा कायदा एकच: "आकडं भेटलं, की माणसांनी भेटायचंच." तेवीसच्या आणि अडतीसच्या डब्याची माणसं एकमेकांशी बोलत नसत. मावशीने परात ओढली. तेवीसचे अठ्ठावीस, अठ्ठाविसाचे अडतीस! तिने दोघांपुढे भाजीचा एकच वाडगा ठेवला आणि म्हणाली, "आता मुकाट्यानं खा, नायतर उपाशी उठा." दोघे खाली मान घालून जेवले. तिसऱ्या घासाला एकाने दुसऱ्याकडे मीठ मागितलं, तेव्हा सगळ्या खाणावळीने टाळ्या वाजवल्या.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. पालघरच्या वर्गात गणिताच्या तासाला माझं तोंड उघडत नसे. मावशीच्या परातीपुढे मात्र मी सगळ्यांच्या आधी ओरडून बेरजा सांगायचो.

एका दुपारी पाळी बदलायला अवकाश होता. खाणावळ रिकामी होती. मावशीने मला हळूच बोलावलं.

"पोरा, एकतीस नि पंचेचाळीस भेटतात का बघ. दोन्हीकडनं बेरजा करत मी दोन हजारांच्या पुढं जाऊन आले. नाय भेटत."

"कुणाचे डबे?"

"डबे नाय. घरं."

एकतीस हा मावशीच्या बोईसरच्या घराचा नंबर. पंचेचाळीस एडवणच्या घराचा, तिच्या थोरल्या बहिणीच्या. नवरा गेल्यावर मावशीने खाणावळ काढली, तेव्हा बहीण म्हणाली होती, "परक्या पुरुषांना जेवायला घालून जगणार? मग या घरात पाय ठेवू नको." मावशीने ठेवला नाही. पण मनाशी ठरवलं होतं, आकडे भेटले की जायचं.

मी पिठात बेरजा करू लागलो. पंचेचाळीस, चोपन्न, त्रेसष्ट, बहात्तर... आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

"मावशी, सापडलं! पंचेचाळीस नवाच्या पाढ्यातला. त्यात त्याचेच अंक मिळवत गेलं, तरी तो नवाच्याच पाढ्यात राहतो. आणि एकतीस तर तिनाच्याही पाढ्यात नाही. तो कितीही चालला तरी त्या पाढ्यात शिरणारच नाही!"

एवढा आनंद मला परीक्षेतसुद्धा झाला नव्हता. मग मी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हंजे अजून पुढं गेले तर?"

"कितीही पुढं."

"कधीच नाय?"

"नाही," मी म्हणालो. थोडं कमी शिकलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

मावशीने परातीवरून हात फिरवला. आकडे पुसले गेले. त्याच पिठात पाणी घालून ती मळू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणावळीला कुलूप! रामशरण आणि मी धावत एसटी स्टँडवर गेलो. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून उभी होती. हातात कोरा डबा, त्यावर आकडा नव्हता.

"मावशी, आकडे तर भेटले नाहीत," मी म्हणालो.

"म्हणून तर निघाले. त्यांची वाट बघत बसले, तर बसूनच राहीन."

"आणि तिने दारच उघडलं नाही तर?"

एसटी आली. मावशीने डबा छातीशी धरला आणि पायरीवर चढली.

"उघडंल. ती काय आकडा हाय?" ती म्हणाली, आणि मी उत्तर देईन म्हणून दारातच थांबून राहिली.