सातवाला गुलाबभाऊ

गुलाबभाऊंनी मला पहिल्याच दिवशी ‘चारवाला’ ठरवून टाकलं. नेरच्या जिनिंग फॅक्टरीत मी वजनकाट्यावर कारकून म्हणून रुजू झालो होतो. मी रजिस्टरात एक नाव लिहिलं, तेवढ्या वेळात हा आमचा फिटर माझ्या टेबलाभोवती दोन चकरा मारून आला, पान्याने पाठ खाजवली आणि म्हणाला, “बाबू, तुमी चारवाले दिसता. सावकाश, पण भारी वजन ओढणारे.”

मला वाटलं, शिवी आहे. मग कळलं, हा मासे धरायच्या रिळाच्या गियरचा आकडा. मूठ एकदा फिरवली की दोरा गुंडाळणारी फिरकी पाच वेळा फिरली, तर ते रीळ पाचवालं. सात वेळा फिरली, तर सातवालं. गुलाबभाऊंनी नागपूरच्या जुन्या बाजारातून अशी तीन रिळं आणली होती, आणि तिन्ही इतक्या वेळा उघडली होती की त्यांचे स्क्रू आपोआप निघायचे.

“कमळाच्या पानात गळाचा रबरी बेडूक टाकला ना, तर सातवालंच पायजे,” ते सांगायचे. “मरळ तोंड मारते अन् वेलात घुसते. त्याच्या आधी दोरा आला पायजे, झर्रर्र! अन् तलावाच्या भितीजवळच्या खोल पाण्यात लाकडी मासोळी ओढाची, तर पाचवालं. थे पाणी लोटत येते, जड लागते. तिथं सात लावलं तर मनगट गेलं समजा.”

तहसीलमधला बाबू तीनवाला, अमरावती एसटीचा ड्रायव्हर आठवाला. स्वतः गुलाबभाऊ सातवाले. चहा ते चालत प्यायचे, बोलताना आपण त्यांच्या मागे मागे जायचं.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. अळी तरी पडायची, भाव तरी पडायचा. दिवाळीनंतर फाटकासमोर गाड्यांची रांग लागायची, तिथे शेळ्या चरू लागल्या. सरकी वेगळी करणारे बहुतेक रेचे ताडपत्रीखाली गेले. यंत्रं थांबली तसा गुलाबभाऊंना जास्तच चेव आला. ताडपत्र्या काढून ते न चाललेल्या यंत्रांना तेल द्यायचे. तेलही संपलं, तेव्हा त्यांनी रिळं फॅक्टरीत आणली.

आग विझवायला आमच्याकडे पाण्याचं मोठं टाकं होतं. त्यात बेडूक टाकायचा, पाचने ओढायचा, सहाने ओढायचा, सातने ओढायचा, दर वेळी टाक्याभोवती धावत जाऊन त्याची पोहण्याची चाल बघायची, असं चाललेलं असताना एकदा मालक येऊन उभे राहिले.

“गुलाब, ये क्या है?”

“सेठजी, स्पीड टेस्टिंग.”

“रुई कहाँ है, और तू मेंढक तैरा रहा है?”

“रुई आयी तो मेंढक बंद,” गुलाबभाऊ म्हणाले.

रुई आली नाही. फॅक्टरीला कुलूप लागलं. मालकांची गुजरातेत दुसरी जिनिंग जोरात चालली होती. तिथे त्यांना हाच फिटर हवा होता, आणि त्याला तयार करायचं काम माझ्यावर आलं.

“तिकडे मरळ नाही भेटत,” पहिल्यांदा उत्तर आलं.

दुसऱ्यांदा: “तिकडचं पाणी मचूळ हाय.”

तिसऱ्यांदा मात्र ते चालता चालता थांबले. “कायले मांगं लागले बाबू? नाही म्हनलं ना!”

मला राग आला. दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, मी त्यांच्या घरी गेलो. या माणसाने कधी कोणाला घरी बोलावलं नव्हतं. घराला कुलूप होतं. “दोघंही तलावावर गेले,” शेजारीण म्हणाली. दोघंही?

तलावाच्या काठावर लोखंडी खुर्चीत गुलाबभाऊंच्या पत्नी, वत्सलावहिनी, बसल्या होत्या. तोंड थोडं वाकडं, उजवा हात लुळा. लकवा होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मी रोज या माणसाबरोबर चहा पीत होतो. त्याच हाताची बोटं चिंधीने रिळाच्या मुठीवर बांधलेली होती. मूठ लाकडी, चांगली लिंबाएवढी.

मला पाहून गुलाबभाऊ ओशाळले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “डॉक्टरनं रबरी बॉल देला, दाबाले. हिनं फेकून देला. म्हने, मी काय लहान पोरगी हाव का? माहेर फुलसावंगीचं हिचं. नाल्यात मासोळ्या धरे लहानपनी. म्हनून हे.” त्यांनी रिळाकडे बोट केलं. “पाचवालं फिरेना. चाकं बदलून चार केलं, थेही फिरेना. मंग घरीच नवी दातेरी चाकं कापून तीनवालं केलं. हलकं झालं. पन इतक्या हळू ओढलं तर सारे नकली मासे बुडते, बाबू! म्हनून हलक्या लाकडाची मासोळी कोरली. अकरावी हाय हे.”

“आणि गुजरात?”

“बारा तासाची पाळी. हा हात कोन चालवन?”

तेवढ्यात दोरा ताणला गेला. गुलाबभाऊ दोन उड्यांत खुर्चीपाशी पोहोचले, हात पुढे केला.

“हात नका लावू!” वहिनींचा शब्द जड होता, पण जरब पक्की. “करून राह्यली ना मी!”

एक फेरा. थांबल्या. कपाळावर घाम. अर्धा फेरा. गुलाबभाऊंनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते आणि ओठ हलत होते. फेरे मोजत असावेत. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मासा काठाला आला. वीतभरही नव्हता.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “सोडा त्याले. अन् पुन्हा टाका.”

गुलाबभाऊंनी मासा सोडला, तोंड फिरवलं आणि बराच वेळ पाण्यात हात धूत बसले.

सोमवारी मालकांचा फोन आला. मी सांगितलं, फिटर दुसरा बघा, गुलाबभाऊंना इथेच काम लागलंय.

“नेर में? कौन सी फैक्टरी में?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “घरचंच आहे.”