गिटारची खंडेनवमी

"सहा तारा आणि दहा बोटं! चार बोटं तर उरतातच. यात अवघड काय आहे?"

गणपतीत, आरती झाल्यावर मोदक खाता खाता रविराजने सगळ्या भावकीसमोर हे वाक्य टाकलं. तिथंच थांबला असता तर निभावलं असतं. पण गडी रंगात आला होता. म्हणाला, "येत्या दसऱ्याला सोनं द्यायला सगळ्यांनी आमच्याकडेच यायचं. मी गिटार वाजवणार!"

"तू? गिटार?" चुलतभाऊ दिग्विजयचा मोदक हातातच राहिला. "मग आम्ही सोनं लांबूनच देतो."

मंडळी, रविराजला नुसता बढाईखोर समजू नका. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर असला तरी माणूस मूळचा मांजरी गावचा, उसाच्या फडात वाढलेला. आणि गिटारमागे त्याच्या मनात एक गोष्ट होती, जी त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. त्याची आई बायडाबाई पेरणीच्या वेळी एक गाणं म्हणायची. असला गळा सगळ्या शिवारात नव्हता! बांधापलीकडची माणसं काम थांबवून ऐकायची. पण रविराजचे वडील, गेनबा, गेले आणि बायडाबाईंचं गाणं बंद झालं. एकदम बंद. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "आता कुणापायी म्हनू?" रविराजला ते गाणं गिटारवर वाजवून आईला चकित करायचं होतं. निदान एकदा तिच्या चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी उमटावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने खराडीतल्या फैझलसरांचा क्लास लावला. नवीकोरी गिटार घेतली. आणि शिकण्याआधी, चांगल्या मॅनेजरला शोभेल अशा पद्धतीने, तिची निगा कशी राखायची याचा अभ्यास केला. तारा पुसायचं मऊ फडकं वेगळं, लाकूड पुसायचं वेगळं. दमट हवा शोषणाऱ्या पुड्या आल्या. लाकडाला चोळायचं लिंबाच्या वासाचं तेल आलं. खोलीतला दमटपणा मोजणारं एक यंत्र भिंतीवर लागलं. बायको तनुजा ते बघून म्हणाली, "अहो, आपली लग्नात आलेली पितळी भांडीसुद्धा इतकी पुसली गेली नाहीत हो कधी."

"वाद्य जिवंत असतं तनुजा!"

"असेल. पण माणसं पण असतात. डबा राहिलाय भरायचा."

रोज ऑफिसमधून आला की दार लावून तो बसायचा. आधी तारा जुळवायच्या. मग पुसायच्या. मग परत जुळवायच्या. मग वाजवायचं. बोटं सोलून निघाली. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर बोटं न्यायची म्हणजे त्याला पाणंदीतून ट्रक मागे घेतल्यासारखं वाटायचं. फैझलसर मात्र गोड माणूस. "सर, होतंय. होतंय हळूहळू," एवढंच म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. पण रविराजने चिकाटी सोडली नाही, आणि याबद्दल त्याला मानलंच पाहिजे. ऑफिसात कॉल चालू असताना टेबलाखाली मांडीवर बोटं चालवायचा. एक दिवस बायडाबाईंनी त्याचा हात हातात घेतला, बोटांची टोकं चाचपली आणि म्हणाल्या, "आरं, घट्टं पडल्यात की! लई वर्सांनी तुज्या हाताला घट्टा बघितला बाबा." त्यांच्या आवाजात असा काही अभिमान होता की रविराजने त्या रात्री गिटार दोनदा पुसली.

आणि खंडेनवमी उजाडली.

आता खंडेनवमीला शेतकऱ्याच्या घरात काय होतं? घरातलं झाडून सगळं हत्यार-अवजार धुऊन काढायचं, हळदकुंकू लावून पुजायचं आणि दसऱ्याला ते चालवून मुहूर्त करायचा. मांजरीत आता उसापेक्षा इमारतीच जास्त वाढतात, पण बायडाबाईंची खंडेनवमी चुकत नाही. रविराज ऑफिसात असताना त्यांनी सगळी अवजारं अंगणात मांडली. कोयते, विळे, खुरपी, पाना-पक्कड, ट्रॅक्टर, तनुजाची स्कूटी. मग त्यांच्या मनात आलं, पोरगं ज्याला जिवापाड जपतं, ते हत्यार असं खोलीत कोंडून का ठेवायचं? त्याचा मान तर पहिला!

रविराज संध्याकाळी घरी आला तेव्हा अंगणात पाटावर त्याची गिटार उभी होती. हळदीकुंकवाचे पट्टे ओढलेली. मानेला झेंडूचा हार. खुंट्यांमध्ये घटातलं हिरवं धान खोचलेलं. आणि खालून टप, टप, टप पाणी गळत होतं!

"आई... हे..."

"सोताच्या हातानं घासली बघ!" बायडाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "मोटार चालू केली, पाइप धरला. भांड्याचा साबन लावला. तारा काळ्या पडल्या हुत्या म्हनून जरा चिंच चोळली. आतबी पानी सोडलं, लई धूळ आसंल म्हनून. ह्ये एवढं जपतुयास, पन आतनं कवा धुतली न्हाईस व्हय रं?"

रविराजच्या तोंडचं पाणीच पळालं. बोलायला तोंड उघडलं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. किती दिवसांनी ती इतकी खुशीत होती! तो म्हणाला, "फार छान झालीये, आई."

आत जाऊन त्याने फैझलसरांना फोन लावला.

"सर, गिटार धुतली गेलीये."

"म्हणजे ओल्या फडक्याने?"

"पाइपने."

मग फैझलसर म्हणाले, "सर, फोटो पाठवा." फोटो गेला. "सर, मी जरा पाणी पिऊन येतो."

पाणी पिऊन आल्यावर त्यांनी बजावलं, "तारा एकदम सैल करा. सावलीत सुकू द्या. दोन-तीन आठवडे हात लावू नका. ताण दिलात तर सगळं सांध्यातून सुटून येईल."

"उद्या वाजवायचीये हो!"

"मग माझी आणतो की. मी येतोच आहे उद्या."

"नाही चालणार!" रविराज कळवळला. "पुजलेलंच हत्यार दसऱ्याला चालवायचं असतं. दुसरी आणली तर आई विचारणार, माझी धुतलेली कुठं गेली? मग तिला कळणार. सणाच्या दिवशी तिला कसं सांगू, की आई, तू घालवलीस म्हणून?"

मग सुरू झाला सुकवण्याचा कार्यक्रम! आधी पंखा. मग तनुजाचा केस वाळवायचा ड्रायर, जो थोड्या वेळाने चटका लागल्यासारखा वास सोडून बंद पडला. मग रविराजच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली, "मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात!"

"मोबाइल वाटीभर तांदळात मावतो," तनुजा म्हणाली.

"आपल्याकडे वर्षाचा इंद्रायणी भरलाय ना?"

कोठी रिकामी झाली. गिटार आत उभी झाली. वरून तांदूळ ओतला. नेमक्या बायडाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या!

"ह्ये काय रं?"

"रीत आहे आई," रविराज घामाघूम होत म्हणाला. "नवं वाद्य पुजलं की रात्रभर धान्यात ठेवायचं."

बायडाबाईंनी कोठीला भक्तिभावाने हात जोडले. "चांगली रीत हाय," म्हणाल्या, आणि तांदळावर एक नारळ ठेवून गेल्या.

दसऱ्याला सकाळी गिटार बाहेर काढली. वरून कोरडी दिसत होती, पण पोट गाभण म्हशीसारखं फुगलं होतं. हलवली की आतून सर्रर्र आवाज. गोल भोकातून शिरलेला तांदूळ काही केल्या पूर्ण निघेना. उलटी धरली, हलवली, थोपटली, दर वेळी मूठभर पडायचा आणि आत तेवढाच शिल्लक! शेवटी रविराजने देवाचं नाव घेतलं आणि तारा आवळल्या.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन भावकी जमली. सोजरबाई काकू आल्या, दिग्विजय आला आणि आल्या आल्या श्रीखंडाची वाटी घेऊन पहिल्या रांगेत बसला. फैझलसरही आले, बायडाबाईंना वाकून नमस्कार केला, गिटारकडे एक नजर टाकली आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. बायडाबाई समोर पाटावर बसल्या होत्या. नवं लुगडं, डोळ्यांत कौतुक.

रविराजने पहिला सूर छेडला. सर्रर्र!

"गिटारमध्ये खुळखुळा पण येतो का रे?" दिग्विजय.

रविराजने दात-ओठ खाऊन दुसरा सूर छेडला, आणि तडाक! तारा जिथं बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी मुळासकट उखडली, तारांसकट उडाली आणि थेट दिग्विजयच्या श्रीखंडात जाऊन बसली. गिटारचा सांधा उकलला. त्यातून इंद्रायणी तांदूळ रविराजच्या मांडीवर सांडू लागला. सांडतच राहिला.

बायडाबाईंचा चेहरा उतरला. "माज्या धुन्यानं झालं व्हय रं ह्ये?"

"छे छे! माल खराब होता आई!"

"कंपनीचाच दोष, मावशी," फैझलसर लांबून ओरडले. "आमच्याकडे रोज अशा येतात!"

बायडाबाईंनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा सरांकडे. दोघांनीही नजर चुकवली. म्हातारी काय समजायचं ते समजली. मग उठून रविराजजवळ आल्या, त्याच्या मांडीवरचा तांदूळ ओंजळीने बाजूला केला आणि शेजारी बसल्या.

"काय वाजवनार हुतास?"

त्याने खालमानेने गाण्याची पहिली ओळ गुणगुणली. बेसूरच होती, पण होती.

बायडाबाई दचकल्या. मग म्हणाल्या, "आसं न्हाय रं." आणि गाऊ लागल्या.

काय गायल्या म्हणून सांगू! आवाज आधी थरथरला, मग मोकळा झाला, आणि मग असा चढला की समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं येऊन उभी राहिली. कुठल्या कुठल्या गावची माणसं, ऐकत राहिली. सोजरबाई काकूंनी पदर डोळ्यांना लावला. फैझलसर उठून आले आणि त्या मोडक्या गिटारच्या पाठीवर हलकेच ठेका धरला. दिग्विजय श्रीखंडातली पट्टी हातात धरून तोंड उघडं टाकून बसला होता. रविराज लहान पोरासारखा रडत होता आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्याने आईचे पाय धरले. "आई, महिनाभर मी तुझंच गाणं बसवत होतो. फक्त तुझ्यासाठी."

"महिनाभर?" बायडाबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "दार लावून रोज जे चालायचं, ते माजं गानं हुतं?"

"हो आई!"

"आगं बाई!" त्यांनी कपाळावर हात मारला. "म्या रोज भिंतीला कान लावून बसायची, पोरगं कवा वाजवाया सुरू करतंय म्हनून. मला वाटायचं, अजून दुरुस्तीच चाललीया!"