कच्छपरावांची गारठलेली बॅटरी

एका जंगलात एकाएकी सगळ्यांना चाकांवरचं घर हवंसं वाटू लागलं. ज्यांना बीळ होतं त्यांना, ज्यांना गुहा होती त्यांना, आणि ज्यांना झाडाची ढोलीसुद्धा मिळत नव्हती त्यांनाही. तेव्हा कच्छपराव कासवांनी कॅरॅव्हॅन घेतली, यात नवल ते काय?

हसू नका, मुलांनो. कासवाच्या पाठीवर घर असतंच, हे कच्छपरावांनाही ठाऊक होतं. पण त्या घरात पाहुणे बोलावता येत नाहीत. आणि चारचौघांना दाखवता येत नाही ते घर काय कामाचं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

कॅरॅव्हॅनमध्ये पलंग होता, ओटा होता, हीटर होता. छतावर सोलर पॅनेल होतं. त्याची वीज साठवायला लिथियमची बॅटरी होती, जंगलातली पहिलीच. माकडाच्या दुकानातून ती आली त्या दिवशी कच्छपरावांनी तिला हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि पेढे वाटले.

आता त्या जंगलात एक रीत होती. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, आणि वस्तू येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशीच ठेवायची. म्हणून कच्छपरावांनी गाडीच्या बाहेर, पुढच्या अंगाला, काचेची पेटी बसवून घेतली. बॅटरी हारासकट तिच्यात विराजमान झाली.

"अहो, आत ठेवा तिला. पलंगाखाली जागा आहे," त्यांच्या पत्नी मंदाकाकू म्हणाल्या. "बर्फात जायचंय आपल्याला. गारठेल ती."

"पलंगाखाली ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे?" कच्छपराव म्हणाले. विषय संपला. त्यांच्या घरात विषय असेच संपत.

बर्फात जायचं कारण एवढंच, की शेजारचे ससे जाऊन आले होते आणि फोटो दाखवून त्यांनी जीव नकोसा केला होता. पण सशाच्या अंगावर लोकर असते. कासवाचं रक्त थंड. बाहेरून ऊब मिळाली तर त्याचं चालतं. नाही मिळाली तर हातपाय आखडतात, आणि गारठा फारच वाढला तर कासव दगडासारखं पडून राहतं, कधीकधी कायमचं. म्हणजे कच्छपरावांचा जीव हीटरवर, आणि हीटरचा जीव बॅटरीवर. हे तुम्ही लक्षात ठेवा. कच्छपरावांनी ठेवलं नव्हतं.

पहिला दिवस झकास गेला. एवढ्या थंडीतही बॅटरीने मुकाट्याने वीज दिली. ससेही पुन्हा आले होते, त्यांच्या देखत कच्छपरावांनी बर्फात फोटो काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पॅनेल चमकू लागलं. पण बॅटरी काही भरेना. तिच्या पोटात एक पहारेकरी बसवलेला होता. पहारेकरी म्हणजे एक लाल दिवा आणि एक शांत आवाज. तो म्हणाला, "बॅटरी गोठली आहे. चार्जिंग बंद. आधी ऊब द्या."

"मालक कोण, मी की तू?" कच्छपराव गरजले.

"बॅटरी गोठली आहे. आधी ऊब द्या," पहारेकरी म्हणाला.

कच्छपरावांनी माकडाला फोन लावला. माकड म्हणालं, "साहेब, थंडीत ती वीज देते, पण घेत नाही. आत न्या, अंग कोमट होऊ द्या. आपोआप घेईल."

पण ससे खिडकीला नाक लावून बघत होते. त्यांच्यासमोर बॅटरी उचलून पलंगाखाली सरकवायची, म्हणजे बायकोचं ऐकल्यासारखं दिसलं असतं. त्यापेक्षा गोठलेलं बरं, असं कच्छपरावांना मनापासून वाटलं.

"अहो, काल फोटो काढून आलात तेव्हा तुम्हाला तरी घास उतरला का?" मंदाकाकू म्हणाल्या. "अंग गार पडलं की तुम्हाला खाववत नाही. तसंच तिचं."

"मी सजीव आहे, माझे नखरे चालतात. वस्तूचे नखरे मी खपवून घेणार नाही!"

आणि त्यांनी कोल्हेमिस्त्रींना बोलावणं धाडलं. मिस्त्रींनी पेटी उघडली, पहारेकऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्याचंच तोंड फार चालतंय. वायर कापतो. पॅनेल थेट जोडू, मध्ये कोणी बोलायला नको."

कट्! आवाज थांबला. बॅटरीवरचा चार्जिंगचा आकडा भराभर चढू लागला. सशांनी टाळ्या वाजवल्या. कच्छपरावांनी बॅटरीसोबत एक फोटो काढला. मंदाकाकूंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण गारठलेल्या पोटात कोंबलेला घास काय करतो, हे त्यांनी घरी पाहिलेलं होतं.

तेच झालं. कोंबलेली वीज बॅटरीला बाधली. संध्याकाळ व्हायच्या आत ती आतून कायमची निकामी झाली. हीटर एकदा खोकला आणि गप्प बसला. मिस्त्री केव्हाच निघून गेले होते. टाळ्या वाजवून झाल्यावर ससेही डोंगर उतरून घरी गेले होते.

"मंदा," कच्छपराव बारीक आवाजात म्हणाले, "माझे पाय कुठे गेले गं?"

ते घाबरले होते. खरंच घाबरले होते. त्यांना पहारेकऱ्याची फार आठवण आली. पण त्याच्या बोलण्याची सोयच उरली नव्हती.

मंदाकाकूंचेही पाय आखडत चालले होते. तरी त्यांनी दार उघडलं, नवऱ्याला उताणं केलं आणि उतारावरून ढकललं. मागून स्वतः घसरल्या. उताराच्या तळाशी केसोजी अस्वलाची गुहा होती. केसोजींनी गाडी घेतली नव्हती. ते हिवाळाभर झोपत.

"कोण आहे?" केसोजींनी डोळे न उघडताच विचारलं.

"आम्ही, भाऊजी. जरा सरका."

केसोजी सरकले. काकूंनी नवऱ्याला त्यांच्या एका काखेत सारलं आणि दुसऱ्या काखेत स्वतः शिरल्या. बर्फ वितळेपर्यंत दोघं तिथेच राहिली. केसोजी घोरत, पण त्याला इलाज नव्हता.

परत आल्यावर कच्छपरावांचा जाहीर सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि भाषण. "पहारेकरी भित्रे असतात," कच्छपराव म्हणाले. "मी त्याचं ऐकलं असतं, तर आज तुमच्यासमोर हा हिमवीर उभा नसता!" हे मात्र खरं होतं. एव्हाना तशा बॅटऱ्या घरोघरी आल्या होत्या, आणि त्याच दुपारी कोल्हेमिस्त्रींच्या दारात आपापल्या पहारेकऱ्यांची वायर कापून घ्यायला ही भली मोठी रांग लागली.

सत्काराच्या वेळी मागच्या ओळीत मंदाकाकूंशेजारी बसलेल्या एका खारीने विचारलं होतं, "काकू, तुम्ही काय केलंत तिथे?"

"मी? मी ह्यांना ढकललं."

सभा हसून हसून लोळली. हिला नवऱ्याचं मेलं कौतुकच नाही, असं सशिणी एकमेकींत म्हणाल्या.

तात्पर्य: धोका सांगणाऱ्याचं तोंड वेळीच बंद करावं. मेलात तर तक्रार करायला तुम्ही उरत नाही, आणि वाचलात तर शाल मिळते. फक्त घरात ढकलणारं कोणीतरी असावं. त्याला सत्काराला मागच्या ओळीत बसवलं तरी चालतं.