माणूस पोचूस्तवर

अंतराळात माणूस गेला की आमच्या शेजारच्या भामाकाकू केर काढायचं बंद करायच्या.

घरातलं कोणी प्रवासाला निघालं की मागोमाग केर काढू नये, हे आपण सगळेच पाळतो. तासाभराने केरसुणी हातात घेतो. काकूंचा नियम माणूस मुक्कामी पोचेपर्यंतचा, आणि माणूस कोणाचाही असो. रशियाची ती बाई एकटी वर गेली, तेव्हा काकूंच्या घरात शेंगांची टरफलं लोळत होती ती बाई जमिनीवर उतरेपर्यंत.

आमची इमारत चिंचवड स्टेशनजवळ. आठ बिऱ्हाडं, एक जिना, एक गॅलरी. झाडलोटीच्या पाळ्या मी लावायची आणि त्या पाळल्या जायच्या, कारण मी दारात जाऊन उभी राहायची. काकू मूळच्या मावळातल्या. नवरा रामभाऊ कारखान्यात फिटर. एकुलता एक बबन बापाशी भांडून मुंबईला गेला होता. तिथे चांगल्या जागी आहे, रजा तेवढी मिळत नाही, असं काकू सांगायच्या.

रेडिओ आमच्याकडे होता, म्हणून बातम्यांना काकू आमच्या घरी. बसायच्या मात्र नाहीत.

"मी बसले तर त्ये वर ग्येलेले बी तितंच बसतील."

सत्तर सालच्या एप्रिलात तिघे चंद्राकडे निघाले आणि वाटेत त्यांच्या यानात स्फोट झाला. चंद्र राहिला बाजूला, जिवंत परत येण्याचीच मारामार. नेमकी त्या आठवड्यात गॅलरीची पाळी काकूंची. उन्हाळ्याची धूळ, त्यात वारा. शेवटी मीच केरसुणी घेऊन गेले.

काकू आडव्या उभ्या राहिल्या. "हात तर लावून बगा! माणसं वाटंत हाईत."

"अहो, वाट तिकडे वर आहे. गॅलरी चिंचवडात."

"तुमचं मालक हापिसात ग्येलं की लगीच झाडता व्हय?"

मी केरसुणी घेऊन परत आले.

तेवढ्यात कारखान्यातली पहिली पाळी संपवून रामभाऊ आले. धुळीत उमटलेली स्वतःची पावलं बघून म्हणाले, "वहिनी, चंद्रावर उतरल्यागत वाटतंय."

"तुमी गप ऱ्हावा," काकू कडाडल्या. "त्ये निघाल्याची बातमी लागली तवा शिंकलं कोण? तुमीच!"

रामभाऊ आत गेले.

काकूंचे पाय ठरत नव्हते. दार ते जिना, जिना ते दार. तवा चुलीवर ठेवायच्या आणि विसरायच्या. मध्येच खिडकीतून विचारायच्या, "थंडी वाजत असंल का वो त्यास्नी?" किंवा, "घरी सांगितलं असंल ना?"

"सांगितलंय. बायकामुलं आहेत त्यांना."

"आई बी असंल की."

अखेर एका सकाळी बातमी लागली. तिघेही समुद्रात सुखरूप उतरले.

काकू धावत घरी गेल्या आणि भाकरीच्या तुकड्यांची ताटली, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. प्रवासातून आलेल्या माणसावरून दारातच पाण्यासकट ओवाळून टाकतात, तो भाकरतुकडा. तिघे काही चिंचवडला येणार नव्हते, म्हणून माझ्या रेडिओवरून एकेक तुकडा ओवाळला आणि गॅलरीतून भिरकावला. तिसरा तळमजल्यावरच्या मास्तरांच्या टोपीवर पडला. मग त्यांनी रेडिओवर तांब्या कलता केला. तो मी वेळेत हिसकावला आणि पाणी खाली ओतून दिलं.

ताटलीत अजून एक तुकडा होता.

"काकू, तिघंच होते."

"म्हाईत हाय." त्यांनी ताटली पदराखाली घेतली. "ह्यो तसला न्हाई. ह्यो रोजचा. शिळा झाला की बदलते."

शेजारच्या दारात रामभाऊ उभे होते. ते एकदम वळून आत गेले. बबनला रजा का मिळत नाही, हे मी त्यानंतर कधी विचारलं नाही.

तांब्या माझ्याच हातात राहिला होता, रिकामा. मी तो काठोकाठ भरून काकूंना दिला.