पाचोळ्याचा बंदोबस्त

एका जंगलात, बाळांनो, पानं खाली पडायची.

हसू नका. पुढे याच गोष्टीवरून मोठा गोंधळ झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पानं पडायची, कुजायची आणि त्यांची माती व्हायची. हे काम चिमणाजी नावाच्या गांडुळाकडे होतं. त्याला कोणी नेमलं नव्हतं. त्याला भूक लागायची, एवढंच. तो एका आवळीच्या मुळाशी राहायचा. आवळीबाई वरून पानं टाकायची. चिमणाजी ती बिळात ओढून न्यायचा, मातीबरोबर खायचा आणि मागे काळीभोर, भुसभुशीत माती ठेवायचा. शेजारी बुरशीवहिनी राहायच्या. पांढऱ्या बारीक धाग्यांचा त्यांचा संसार साऱ्या जंगलाखाली पसरलेला. या झाडाच्या मुळाला पाणी नेऊन दे, त्या झाडाकडून थोडं गोड मागून आण, आणि जाता येता कोणाचं काय बिनसलंय ते सगळ्यांना सांग, यात त्यांचा दिवस जायचा.

कोणी कोणाचे आभार मानत नव्हतं. चाललं होतं आपलं.

मग एके दिवशी सिंहमहाराजांच्या पंजाला एक ओलं पान चिकटलं.

महाराज दरबारात आले, ते पानासकट. दरबार हसला नाही, पण हरणांना एकदम खोकला झाला. महाराजांच्या ते मनाला लागलं. त्यांनी त्याच दिवशी स्वच्छता खातं उघडलं आणि त्यावर बगळ्याला नेमलं. बगळ्याची पात्रता काय, तर तो पांढरा होता.

बगळेसाहेबांनी कामावर आल्या आल्या पाचोळ्याला कचरा म्हणून जाहीर केलं. दोनशे माकडांच्या हातात खराटे दिले. निघालेला पाचोळा ओढ्यापलीकडच्या माळावर टाकायचं ठरलं. माळावर दगडांशिवाय काही नव्हतं, आणि दगड तक्रार करत नाहीत.

चिमणाजीच्या पुढ्यातलं ताट रोज उचललं जाऊ लागलं. चार दिवस त्याने उपास काढले. पाचव्या दिवशी आवळीबाई म्हणाली, "चिमणाजी, माझ्या पायाखालची माती घट्ट व्हाया लागलीय रे. मुळं पसरंनात. सायबाला एकदा सांगून बघतोस का?"

गांडुळाने बगळ्याच्या कचेरीत जायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ताडा. पण चिमणाजी गेला.

"सायेब, पाचोळा नेऊ नका. माझा घास हाय त्यो."

बगळेसाहेब एका पायावर उभे होते. त्यांनी चिमणाजीकडे जरा जास्तच आपुलकीने पाहिलं. "घाबरू नका. कामाच्या वेळात मी खात नाही. पण जेवणाच्या सुट्टीला दहाच मिनिटं आहेत, तेव्हा लवकर आटपा. आपण काय करता?"

"माती खातो, सायेब."

"बरं. मग?"

"मग मागल्या अंगानं टाकतो."

"काय टाकता?"

"माती."

साहेबांनी डोळे मिटले. "म्हणजे आत माती, बाहेर माती. यात आपण केलंत काय?"

"ती चांगली होऊन येती, सायेब. पाणी मुरतं. झाडाला मानवतं."

"डोळ्यांना दिसेल असं काही सांगा."

चिमणाजीला डोळेच नव्हते.

"असो. अर्ज भरा. नाव लिहा, काम लिहा, आणि पुरुष की स्त्री, त्यावर खूण करा."

चिमणाजीने दोन्हींवर खूण केली. गांडुळं दोन्ही असतात, बाळांनो, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. साहेबांना वाटलं. अर्ज चुकीचा भरला म्हणून जागच्या जागी नामंजूर झाला. तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली आणि चिमणाजी जन्मात पहिल्यांदा पळाला. पळाला म्हणजे वीतभर गेला, पण त्याच्या नशिबाने वीतभरावर एक भेग होती.

त्यानंतर जंगल वाळायला लागलं. पावसाचं पाणी आलं, ते मुरायला थांबेना. जमिनीवरची माती बरोबर घेऊन थेट ओढ्याला जाई. बुरशीवहिनींचे धागे ठिकठिकाणी तुटले. एका मुळाकडून निघालेला निरोप दुसऱ्या मुळाला पोचेना. शेजारचं झाड तहानेने मेलं तरी पलीकडच्या झाडाला कळेना.

बगळेसाहेब मात्र खुशीत होते. त्यांनी दरबारात अहवाल वाचला. "महाराज, गेल्या वर्षी रोज चाळीस टोपल्या पाचोळा निघत होता. यंदा जेमतेम चार."

"पण महाराज, झाडं वाळतायत," एक साळिंदर म्हणालं.

"वाळलेल्या झाडाला पानं नसतात," साहेब म्हणाले. "बघा, झाडंसुद्धा किती सहकार्य करतायत!"

महाराज इतके खूश झाले, की त्यांनी जंगलाची जमीन चोपून गुळगुळीत करायचा हुकूम दिला. हत्तींनी ती चोपली.

आवळीबाईची शेवटी एकच फांदी हिरवी राहिली. ती म्हणाली, "तू जा रे चिमणाजी. समदा पाचोळा माळावर पडलाय. तुझी भावंडंबी तिकडंच गेली. माझ्यापायी मरू नगंस."

"आन् तू?"

"मला कुठं चालता येतंय?"

चिमणाजी गेला नाही. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की गांडुळाला काय करावं ते सुचत नाही. तो नुसता तिच्या मुळाला वेटोळं घालून बसला. मग वरून एक पान पडलं. त्याने त्याचा देठ धरला आणि आत ओढू लागला. तेवढ्यात खराटा आला. पान टोपलीत गेलं, आणि देठ न सोडल्यामुळे चिमणाजीही गेला.

माळावर त्याची चैन झाली. पाचोळ्याचे डोंगर होते. हजारो गांडुळं खात होती, टाकत होती. बुरशीवहिनींची जाऊ तिथे नव्याने संसार मांडत होती. पाचोळ्यातून आलेलं बी रुजलं आणि तीन पावसाळ्यांत दगडांवर सावली पडली. चिमणाजी चांगला जाडजूड झाला. पण प्रत्येक घासाला त्याला आवळीबाई आठवायची. तरी तो खायचा. गांडुळाला दुसरं येतं काय?

इकडे जंगलाला 'निर्मळ वन' पुरस्कार मिळाला. समारंभ ठरला. पाहुणे आले. भाषणं सुरू झाली, आणि महाराजांचं डोकं तापलं, कारण बसायला कुठे सावलीच नव्हती. शेवटी सगळा दरबार हारतुऱ्यांसकट ओढा ओलांडून माळावरच्या झाडीत जाऊन बसला.

"वा!" महाराज म्हणाले. "काय गारवा आहे! हे कोणी केलं?"

"मीच, महाराज," बगळेसाहेब म्हणाले. "इथे कचरा मीच टाकला."

टाळ्या झाल्या. साहेबांनी लवून नमस्कार केला, आणि लवल्यामुळे त्यांना खालची जमीन दिसली. जमिनीवर पानं पडलेली होती.

"शी! ही काय घाण! आजपासून इथेही खराटा!"

"साहेब, टाकायचा कुठं?" एका माकडाने विचारलं.

"नेहमीप्रमाणे. जिथे काही उगवत नाही तिथे."

माकडांनी चहूकडे पाहिलं. काही उगवत नाही अशी जागा आता एकच होती. तिला नुकताच पुरस्कार मिळाला होता.

दुसऱ्या दिवसापासून पाचोळा उलटा जाऊ लागला. पहिल्याच टोपलीत चिमणाजी आपणहून जाऊन बसला. माकडाने त्याला नेऊन ओतलं. तिथून आवळीबाईच्या बुंध्यापर्यंत सरपटत जायला त्याला तीन दिवस लागले. बुंधा राखेच्या रंगाचा झाला होता. वर एक पान नव्हतं.

"आवळीबाई?"

चिमणाजी ओल्या पाचोळ्याखाली गेला, चोपलेल्या जमिनीला डोकं घासत राहिला, आणि संध्याकाळी त्याला एक मूळ सापडलं. ते आतून ओलं होतं.

"आवळीबाई! अगं, जित्ती हायेस तू!" तो ओरडला.

"हळू बोल, मेल्या," आवळीबाई म्हणाली. "सायबाला कळलं, तर पुन्हा बक्षीस देतील."

तात्पर्य : जंगल वाचवायचं असेल, तर त्याला ताबडतोब उकिरडा म्हणून जाहीर करून घ्यावं. पुरस्कारासाठी मात्र नेहमी शत्रूच्या जंगलाची शिफारस करावी.